आक्काची पट्टी

आमच्या घरी नाताळची सुरुवात भांडणाने होते. झाडाच्या शेंड्यावर बसवायचा कापडी देवदूत माळ्यावरून खाली काढला की माझी बायको म्हणते, "या वर्षी नवा आणायचा." हा देवदूत माझ्या आजीच्या हातचा. त्याचे लोकरीचे सोनेरी केस एकेक करून गळाले आणि आता त्याला साफ टक्कल आहे. मी म्हणतो, "टक्कल पडलं म्हणून कुणाला घराबाहेर काढायचं असेल, तर आधी माझा विचार कर." ती माझ्या डोक्याकडे पाहते, खरोखरच विचार करते, आणि देवदूत शेंड्यावर जातो. मग नाताळ आला असं आम्ही समजतो.

बाकीचे रिवाजही असेच. कुणी सुरू केले ते माहीत नाही आणि बंद करायची कुणाची छाती नाही. केक बराच आधी भाजून डब्यात मुरत ठेवायचा आणि त्याचा कोपरा कुणी खाल्ला ते माहीत नाही असं सगळ्यांनी म्हणायचं. गव्हाणीतल्या बाळाला आदल्या संध्याकाळपर्यंत गव्हाणीत ठेवायचं नाही; तोवर तो बायकोच्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या गादीवर झोपतो. आणि त्या संध्याकाळी, देवळात उपासनेला जायच्या आधी, सगळ्यांनी पायपेटीभोवती उभं राहून घरचं गीत म्हणायचं. गीत झाल्याशिवाय केकला सुरी लावायची नाही. गाताना प्रत्येकाच्या डोक्यावर नवी टोपी हवी, कारण आमचा धंदाच टोप्यांचा. वडील टोप्या शिवायचे. बँडवाल्यांच्या, पोस्टमनच्या, ड्रायव्हरांच्या. आता तेच दुकान माझी थोरली बहीण चालवते. सगळी गल्ली तिला आक्का म्हणते. मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात जन्म काढला. तिथेही टोप्या घालायचं काम असतं, पण ते वेगळं.

घरचं गीत आजोबांनी रचलं. आजोबा कवी नव्हते, त्यामुळे गीत समजतं. मेंढरं आहेत, थंडी आहे, दमलेली आई आहे. गंमत आहे ती प्रत्येक कडव्याच्या शेवटच्या ओळीआधी. तिथे सगळ्यांनी गप्प व्हायचं आणि पायपेटीने एकटीने एक लांब सूर धरायचा. तो म्हणजे देवदूताचं शिंग. ते वाजलं की मग सगळ्यांनी मिळून म्हणायचं, 'गवताच्या गादीवर राजा निजला.' आमचं कुटुंब एकाच वेळी गप्प बसण्याची वर्षातली ही एकमेव संधी, असं वडील म्हणायचे.

पण आमच्या पायपेटीत शिंगच नव्हतं. म्हणजे नेमकी ती पट्टी मुकी होती. बाकी सगळ्या पट्ट्या वाजायच्या, भाता धापा टाकत का होईना पण चालायचा, आणि ती एक पट्टी दाबली की फक्त लाकडाची टकटक. त्या जागी सूर द्यायची आक्का. स्टूल घेऊन पेटीच्या उजव्या अंगाला बसायची आणि वेळ आली की तोंड उघडायची. "आऽऽऽ."

आता आक्काच्या गाण्याबद्दल थोडं सांगायला हवं. आक्काकडे एकच सूर आहे. कुठलंही गीत तिच्या तोंडून बाहेर पडताना त्याच एका सुरावर येतं. लग्नाचं असो की अंत्यविधीचं, आक्काने म्हटलं की दोन्हींत फरक राहत नाही. लहानपणी देवळाच्या गायकवृंदात ती हौसेने गेली होती. तिथल्या बाईंनी तिला आधी मागच्या रांगेत उभं केलं, मग खांबाआड उभं केलं, आणि शेवटी गोड आवाजात सांगितलं, "बाळ, तू नुसतं तोंड हलव." आक्का घरी आली आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही. आमच्या घरात हे आजारपणाचं लक्षण मानतात.

त्याच नाताळला पेटीची ती पट्टी मुकी झाली. वडिलांनी दाबून पाहिली, फुंकर घातली, बाजूला एक चापट मारली. पेटी दुरुस्त करणारा त्या दिवसांत कुठून मिळायला? "आता शिंग कोण देणार?" असं म्हणत ते वाजवायला बसले. पहिलं कडवं झालं, सगळे गप्प झाले, आणि कोपऱ्यातून आक्काने आवाज लावला. नेमका तोच सूर! देवाने तिला एकच दिला होता, पण कामाचा दिला होता. वडिलांनी मान डोलावली आणि पुढची ओळ धरली. तेव्हापासून प्रत्येक नाताळला आक्का पेटीशेजारी. मी दाढी करायला लागलो, माझं लग्न झालं, वडील गेले, पेटीवर माझी बायको बसू लागली, आमची चिमी झाली आणि मोठी झाली. स्टूल मात्र हललं नाही.

या सगळ्यात आमचा होणारा जावई आला.

हा चिमीचा होणारा नवरा पियानो आणि पेट्या सुरात लावायचं काम करतो. चांगला मुलगा. फक्त त्याला सगळं ऐकू येतं. पहिल्यांदा घरी आला तेव्हा बायकोने चहात चमचा ढवळला, तर हा अदबीने म्हणाला, "काकू, कपाला तडा गेलाय." कप फिरवून पाहिला तर तडा! तेव्हापासून तो यायचा असला की बायको आधी सगळे कप वाजवून बघते. माझा खर्जातला आवाज ऐकून त्याने डोळे मिटले होते. मी ती दाद समजतो.

त्याने एकदा पायपेटीवरून बोटं फिरवली आणि त्या पट्टीशी थांबला. "ही?"

"ती मुकी आहे," चिमी म्हणाली. "आजोबांच्या वेळेपासून."

एवढंच. आक्काबद्दल त्याला कुणी सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, पण आपल्या चेहऱ्यावर नाक आहे हे आपण पाहुण्याला कुठे सांगतो? चिमीला वाटलं आईने सांगितलं असेल, आईला वाटलं चिमीने. मला काही वाटलं नाही, कारण मला विचारून या घरात काही होत नाही.

नाताळ जवळ आला तसा एका रविवारी तो म्हणाला, "मला सर्दी झालीय, मी उपासनेला येत नाही. घरीच थांबतो." आम्ही देवळातून परत आलो तर हा पेटीपाशी उभा. नाक अगदी कोरडं, बाह्या वर केलेल्या, कोपरापर्यंत धूळ. आक्का रविवारी आमच्याकडेच जेवते, ती माझ्या मागोमाग आत आली.

"काकू, बसा," तो बायकोला म्हणाला. "ती पट्टी दाबा."

बायको बसली. पाय मारून तिने भात्यात हवा भरली, हात उचलला, आणि बोट त्या पट्टीच्या वर नुसतं तरंगत राहिलं. "अरे, माझं बोटच जात नाही तिथं," ती म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हा मामंजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एवढी एक सोडून वाजव. ती आक्काची पट्टी."

पण बोलणं त्याच्या डोक्यापर्यंत पोचलं नाही. तो आनंदात होता. त्याने स्वतः हात पुढे करून पट्टी दाबली.

सूर निघाला. स्वच्छ, टोकदार, नव्या नाण्यासारखा. मला कळायला लागल्यापासून पहिल्यांदाच मी आमच्या पेटीतून तो ऐकत होतो. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. मुलाला वाटलं, सगळ्यांना भरून आलंय.

"तुम्हा सगळ्यांना माझ्याकडून नाताळची भेट," तो म्हणाला. "फार काही झालं नव्हतं. मागच्या फळीचे स्क्रू तेवढे गंजले होते, ते काढताना घाम निघाला. बाकीच्या पट्ट्या नाताळ झाल्यावर लावून देतो."

सगळ्यांत आधी आक्का बोलली. "छान," ती म्हणाली. "फारच छान वाजते हो." मग पेटीशेजारचं स्टूल उचलून ती स्वयंपाकघरात गेली आणि माझ्या बायकोच्या कांद्यांची टोपली त्याच्यावर ठेवून आली.

जेवण झाल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे गीताची तालीम केली. आक्काने भांडी घासायला घेतली. आमच्याकडे आल्यावर ती कधी भांड्यांना हात लावत नाही. "दुकानात हात, इथे फक्त तोंड," असं तिचं तत्त्व. कडवं संपलं, आम्ही गप्प झालो, मुलाने पट्टी दाबली, सूर आला, आणि कुणालाच शेवटची ओळ धरता आली नाही. चिमी लवकर शिरली, मी उशिरा, बायको मधेच थांबली. आक्का सूर सोडताना एक छोटा श्वास टाकते, त्यावर आम्ही सगळे ओळ उचलतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. स्वयंपाकघरात एक पातेलं जरा जोरात आपटलं.

दोन दिवसांनी आक्काचा फोन आला. "अरे भोपू," ती म्हणाली. माझ्या आवाजावरून तिने हे नाव मला फार पूर्वी दिलं आहे. "या नाताळला मला जमायचं नाही. बँडवाल्यांच्या टोप्या द्यायच्यात. तुरे लावायचे राहिलेत."

"संध्याकाळपुरती ये की."

"तुरे एका संध्याकाळात लागत नाहीत रे. आता शिंग वाजतंय ना तुमचं? मग झालं तर."

"आक्का, तुझ्यावाचून..."

"माझ्यावाचून केक कापता येतो. सुरी ड्रॉवरमध्ये आहे," असं म्हणून तिने फोन ठेवला.

चिमीने मुलाला सगळं सांगितलं. शांतपणे सांगितलं असं ती म्हणते, पण समोरच्या घरच्या बाई खिडकीत आल्या होत्या. "पण मला कुणी बोललंच नाही," तो म्हणाला. हे अगदी खरं होतं, त्यामुळे कुणालाच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथे सगळीकडे वाद्यं ऑपरेशन अर्धवट सोडल्यासारखी पडलेली. एका पियानोचे सगळे दात काढून टेबलावर ओळीने मांडले होते. खुर्चीवर एक अकॉर्डियन बसला होता, म्हणून मी उभाच राहिलो.

"एक काम आहे," मी म्हणालो. "तू चांगलं वाजणारं वाद्य बिघडवू शकतोस का?"

"काका!"

"फार नको. एकच पट्टी. होती तशी."

त्याने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "आत्यांसाठी मी काय वाटेल ते करीन," तो म्हणाला. "पाया पडेन. पण वाजणारा सूर माझ्या हाताने बंद करायचा? ज्यांच्याकडे मी शिकलो त्यांनी पहिल्या दिवशी हीच एक गोष्ट सांगितली होती. आणि आता केलं तरी आत्यांना कळेल ना? मुद्दाम बिघडवलेल्या जागी त्या बसतील?"

मुलगा शहाणा आहे. शहाण्या जावयाचा हाच त्रास.

"शिवाय," तो म्हणाला, "ती पट्टी बिघडलेली नव्हतीच."

"म्हणजे?"

त्याने कपाटातून एक काड्यापेटी काढली. "पट्टीखाली पितळेची बारीक जीभ असते, रीड. हवा आली की ती थरथरते आणि सूर निघतो. तुमची रीड ठणठणीत होती. तिच्या तोंडावर हे चढवलेलं होतं. मी नुसतं ओढून काढलं. मला वाटलं पूर्वी कुणी दुरुस्त करताना राहिलं असेल."

काड्यापेटीत काळ्या फेल्टची एक टोपी होती. करंगळीच्या टोकावर बसेल एवढी. खरीखुरी टोपी, घडी मारलेली कड, तिच्यावरून फिरवलेला तिरपा टाका, टाक्याला टाका खेटून. हा टाका मी लहानपणापासून माझ्या डोक्यावर घालत आलो आहे. आमच्या वडिलांचा टाका.

मी अकॉर्डियन उचलला आणि बसलो. तो माझ्या मांडीवर कण्हला.

घरी येऊन बायकोला दाखवलं. ती बराच वेळ टोपी बोटावर घालून बसली. "म्हणजे मामंजींनीच पट्टी बंद केली होती," ती म्हणाली. "आक्कांना गाता यावं म्हणून. आणि जन्मभर बोलले नाहीत."

"आक्काला सांगू?"

"वेडे आहात का? त्यांना काय वाटेल? आपल्याला वाटत होतं आपली गरज आहे, आणि ती सगळी बापाने केलेली दया होती! हे कळल्यावर त्या पुढच्या नाताळलाही यायच्या नाहीत."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर या नाताळला येत नाहीतच."

मी विचार केला. दोन्हीकडून वाट बंद असली की मी सहसा पेपर वाचतो. पण आक्काविना ते गीत कसं म्हणणार? आणि एकदा तिची जागा गेली की पुढच्या वर्षी स्टूलही शोधावं लागणार नाही, कांदेच बसतील तिथे. मी टोपी खिशात घातली आणि दुकानात गेलो. वाटेत तीन थापा तयार केल्या. एक बऱ्यापैकी होती.

आक्का खिडकीशी बसून बँडच्या टोप्यांना तुरे लावत होती. काम खोटं नव्हतं तर. समोर लाकडी डोक्यांची रांग, प्रत्येकावर एक लाल टोपी; मी आत आलो तेव्हा पाणीपुरवठ्याची मीटिंग आठवली.

"बस. त्या डोक्याला धक्का लावू नकोस, ओला डिंक आहे," ती म्हणाली. "कुणी पाठवलं? तिने की चिमीने?"

"मीच आलो."

"मग काहीतरी खोटं बोलायला आला असशील. बोल."

बऱ्यापैकी होती ती थाप त्याच क्षणी निकामी झाली. मी खिशातून टोपी काढून तिच्या तळहातावर ठेवली. "पेटीतून निघाली. मुक्या रीडवर घातलेली होती."

आक्काने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. पाहिलं. आणि मला वाटलं होतं ते काहीच झालं नाही. ती हसायला लागली. तिचं हसणंही एकाच सुरात असतं.

"सापडलं शेवटी!" ती म्हणाली. "अरे भोपू, ती पट्टी मीच बंद केली होती."

"तू?"

"मग कोण? त्या बाईने तोंड हलवायला सांगितलं ना मला? खांबाआड! घरी येऊन पेटीवर एकेक पट्टी दाबत बसले. मला येतो तो सूर कुठला, ते शोधून काढलं. नेमकी शिंगाची पट्टी निघाली. मग दुकानातून हिरव्या फेल्टची चिंधी आणली, मागची फळी उघडली, आणि दिली कोंबून रीडच्या तोंडात. तेव्हा फळीला नुसता अडसर होता."

"आणि वडील?"

"त्यांना काय कळणार? म्हणाले, मुकी झाली. मी गायले." ती थांबली. "वर्षभर धाकधूक होती मला. चिंधी गळून पडली तर? पुढच्या नाताळआधी बघायला गेले, तर फळी स्क्रूने बंद. म्हटलं, पकडले गेले. जेवताना ते आईला म्हणाले, मागून उंदीर शिरतात, म्हणून आवळून टाकली. मी सुटले रे! तेव्हापासून मी उंदरांना कधी वाईट बोललेली नाही."

"आक्का, पण तू म्हणालीस हिरवी चिंधी."

"हो. हिरवी. ड्रायव्हरच्या टोपीची."

"ही काळी आहे."

तिने टोपी पुन्हा डोळ्यांजवळ नेली. आता ती धंद्याच्या नजरेने बघत होती. नखाने कड चाचपली. "आणि मी शिवलं नव्हतं काही," ती हळू म्हणाली. "मला तेव्हा टाकाच येत नव्हता." मग तिने मोज्याचं टोक उलटं करावं तशी ती एवढीशी टोपी उलटी केली. आत, अस्तरासारखी नीट बसवलेली, एक वेडीवाकडी फाडलेली हिरवी चिंधी होती. फेकून न देता, चार टाक्यांनी पक्की केलेली.

आक्काने ते चार टाके नखाने मोजले.

"त्यांना माहीत होतं," आक्का म्हणाली.

"हो."

"माझी चिंधी निसटत होती म्हणून त्यांनी टोपी करून घातली."

"हो."

"आणि स्क्रू."

"आणि उंदीर," मी म्हणालो.

आक्काने चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. "मेला लबाड म्हातारा," ती म्हणाली. आमच्या वडिलांबद्दल इतक्या प्रेमाने कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही. मग ती उठली, मोजपट्टी गळ्यात टाकली आणि शेल्फवरचे फेल्टचे तुकडे खाली ओढायला लागली.

"तुरे?" मी विचारलं.

"तुरे लागतील. त्या पोराच्या डोक्याचं माप काय रे? तू कसं सांगणार म्हणा. माझ्या नजरेत आहे. जा आता, उजेड अडवू नकोस. आणि स्टूलवरचे कांदे काढा."

नाताळच्या आदल्या संध्याकाळी ती आली. हातात टोप्यांची पिशवी. मला तपकिरी, बायकोला निळी, चिमीला लाल. होणाऱ्या जावयासमोर ती थांबली. तो बिचारा भिंतीला लागून उभा होता, शिक्षा झाल्यासारखा.

"आत्या, मी खरंच..."

"खाली वाक." तिने त्याच्या डोक्यावर करड्या रंगाची टोपी बसवली. तिला दोन्ही बाजूंना कानपट्ट्या होत्या. "आमचं गाणं सोसायचंय तुला जन्मभर. फार झालं की या खाली ओढायच्या."

मग ती झाडाकडे गेली, पायाच्या बोटांवर उभी राहिली, आणि आमच्या टकल्या देवदूताच्या डोक्यावर ती एवढीशी काळी टोपी घातली. अगदी बसली. बायको माझ्याकडे पाहून म्हणाली, "राहू दे. याला आता नवा नको."

बाळ बटणांतून उठून गव्हाणीत गेला. बायको पेटीवर बसली, आक्का स्टूलवर. मेंढरं झाली, थंडी झाली, आम्ही गप्प झालो. बायकोचं बोट ती पट्टी ओलांडून गेलं, ठरवून की सवयीने ते तिलाच माहीत. आणि आक्काने आवाज लावला. "आऽऽऽ." छोटा श्वास. आम्ही सगळे एकदम ओळीवर.

दुसऱ्या कडव्याला आक्काच्या मनात काय आलं कोण जाणे. सगळे गप्प झाले तसा तिने आवाज लावला आणि स्वतःचं एक बोट पुढे करून पट्टीही दाबली. पेटी आणि आक्का, दोघी एकदम. दोन माश्या एकाच काचेवर भांडाव्यात तसा आवाज झाला. मुलाने खाली ओढलेल्या कानपट्ट्या वर केल्या.

"आत्या," तो चाचरत म्हणाला, "तुम्ही... किंचित खाली लागताय."

चिमीने त्याच्याकडे पाहिलं, मी छताकडे.

"मी आहे तिथंच आहे," आक्का म्हणाली. "लहानपणापासून."

त्याने खिशातून दोन दातांचा स्वरकाटा काढला, गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला. पट्टी दाबली. बरोबर. मग शेजारची दाबली. थांबला. तिच्या पलीकडची, मग खालची. मग सगळ्या, एकेक करून. त्याच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू उलगडल्या आणि तो लहान मुलासारखा हसला.

"आत्या बरोबर आहेत," तो म्हणाला. "सगळी पेटी खाली उतरलीय. इतकी वर्षं वाजून वाजून. ही एकटीच झोपलेली होती, म्हणून जुन्या जागी राहिली. मी हिला काट्याशी ताडून पाहिलं, बाकीच्यांना विचारलंच नाही. आत्या पेटीबरोबर उतरत आल्यात. चुकीची ही आहे."

"मग बघतोस काय?" आक्का म्हणाली. "पेटी लाव."

"आत्ता? नाताळ झाल्यावर..."

"आत्ता. केक थांबेल."

केक थांबला. मी फार थांबलो नाही, पण स्वयंपाकघरातल्या अंधारात ते कुणाला दिसलं नाही. मुलाने मागची फळी काढली. या वेळी स्क्रू अलगद निघाले. रीड हातात घेऊन तो बारीक कानशीने तिच्या बुडाशी घासायचा, परत बसवायचा, आणि आक्काकडे पाहायचा. आक्का म्हणायची, "आऽऽ." तो मान हलवायचा, "अजून थोडं." परत घासायचा. आपल्या सुरावर कुणी वाद्य लावतंय हे आक्काच्या लक्षात आलं तशी ती स्टूलवर ताठ होत गेली, इतकी की टोपी तिरपी झाली. चिमी दिवा धरून उभी होती. तिचा राग केव्हाच उतरला होता, पण दिवा ती अजून त्याच्या डोळ्यांवरच मारत होती.

शेवटी त्याने फळी लावली. स्क्रू परत घट्ट करू की नको, असं विचारलं.

"कर," आक्का म्हणाली. "उंदीर शिरतात."

तिसरं कडवं आम्ही म्हटलं. दमलेली आई झाली, आम्ही गप्प झालो, आक्काने बोट पट्टीवर ठेवलं आणि तोंड उघडलं. त्यातला पेटीचा कुठला आणि आक्काचा कुठला, ते मला सांगता येणार नाही. मुलाला येत असेल, पण तोही काही बोलला नाही. त्याने टोपी काढून हातात घेतली होती. मी ऐकत राहिलो आणि शेवटच्या ओळीला माझा खर्ज लावायचाच विसरलो. राजा त्या रात्री माझ्याशिवाय निजला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"आज फार छान झालं," केक कापताना बायको म्हणाली. "का कुणास ठाऊक."